राजीनामा

परवा आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीत गळतीचा वाद मिटवायला बसलो. मोबाईलमध्ये दोन्ही बाजू टिपल्या, निवाडा सांगितला. तर वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पण मी कुठे कबूल झालो होतो?" संपलं!

हल्ली मध्यस्थ आणि लवादांसाठी सॉफ्टवेअर असतं; ते तारखा, कागद, सह्या सांभाळतं. पेशवाईतले पंच हे कागदावरच करीत. दोघांच्या तकरीरी लिहून घेत, आणि निवाड्याआधीच 'पंच सांगतील ते मान्य' असा राजीनामा. (हो, त्या शब्दाचा तेव्हाचा अर्थ हा!) वर जामीन. शेवटी महजर, त्यावर कुणब्याची निशाणी नांगर.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीची सोय आहे, तडजोड मात्र लेखी आणि सहीनिशीच.

रविवारी पुन्हा बसतोय. "आधी राजीनामा," म्हटल्यावर बायको केवढी खूश! तिला वाटलं, मी कमिटी सोडतोय.