क्रियाविशेषण ओळखावे कसे?

अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानला जातो. क्रियेचे स्थळ, काळ आणि रीत सांगणारे शब्द तेव्हाही बीडच्या मातीत बोलले जात होते. त्यांची छापील वर्गवारी मात्र फार नंतरची.

यास्काचार्यांनी ‘निरुक्ता’त नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग मानले. तेथे क्रियाविशेषणास स्वतंत्र घर नाही. आठ जातींची कल्पना ग्रीक व लॅटिन व्याकरणातून आली. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते येशूसंघीय फादर स्टीफन्स यांचे गोमंतकी भाषेचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, राशोल येथे छापले गेले, त्याची चौकट लॅटिन होती. पुढे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, तर दादोबा पांडुरंगांचे १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांनी १९११ साली या विषयाची सखोल चिकित्सा केली.

परक्या चौकटीत मराठी शब्द नेहमीच नीट बसतात असे नाही. आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांविषयी आपण म्हणतो, ‘दिवाळी होते, नंतर माणसे गाव सोडतात.’ येथे ‘नंतर’ क्रियेचा काळ सांगते, म्हणून ते क्रियाविशेषण होय. ‘दिवाळीनंतर माणसे गाव सोडतात’ असे म्हटले की तोच शब्द नामास जोडला जाऊन शब्दयोगी अव्यय होतो.

याहून अवघड प्रकार असा. ‘चांगला मुलगा गातो’ यात ‘चांगला’ विशेषण आहे. ‘मुलगा चांगला गातो’ यात तेच गाण्याची रीत सांगते, म्हणजे क्रियाविशेषणाचे काम करते. आणि तरीही ‘मुलगी चांगली गाते’ असे रूप बदलते! अव्यय तर न बदलणारे. तेव्हा केवळ रूप पाहून शब्दाची जात ठरवता येत नाही. वाक्यात तो कोणाची सेवा करतो, हेच विचारावे लागते. पहिल्या वाक्यात मुलाची थोरवी आहे, दुसऱ्यात केवळ गळ्याची.

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस वाट करून दिली. तेव्हापासून वाचनपीठावर उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलामुलींवर ही जबाबदारी आली आहे. शब्द कोणाशी जोडलेला आहे हे न जाणता घेतलेला विराम अर्थ बदलून टाकतो. पालकांनी घरी एवढेच विचारावे: ‘बाळा, हा शब्द कोणाविषयी सांगतो आहे, माणसाविषयी की त्याच्या कृतीविषयी?’ उत्तर सापडले की व्याकरण आपोआप उमगेल.