मुलांच्या तोंडी कोणते गाणे द्यावे? जपानमधील १४० वर्षांचा वाद

१/ ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये आदो या १७ वर्षांच्या गायिकेचे ‘उस्सेवा’ हे गाणे प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘गप्प बसा!’ असा, आणि तोही उर्मट सुरात. पुढे बालवाडीतील मुलेही ते ओरडून म्हणू लागली आणि पालक अस्वस्थ झाले. हे गाणे मुलांना म्हणू द्यावे काय? हा वाद नवा वाटतो, पण तो आधुनिक जपानी शाळेइतकाच जुना आहे.

२/ १८७२ च्या शिक्षणसंहितेत प्राथमिक शाळेच्या विषयांमध्ये ‘गायन’ होते. मात्र ‘तूर्त वगळावे’ अशी पुस्तीही त्याला जोडली होती. शिकवायला ना शिक्षक होते, ना पुस्तके. मुलांची पारंपरिक खेळगाणी गल्लोगल्ली होतीच. परंतु मेइजी शासनाला नव्या राष्ट्राच्या मुलांसाठी नवी गाणी हवी होती.

३/ ही जबाबदारी आली इसावा शूजी यांच्याकडे. १८७५ मध्ये शासनाने त्यांना अध्यापनशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत पाठवले होते. तेथे पाश्चात्त्य सप्तक त्यांच्या गळ्यातून निघेना. विद्यालयाने गायनातून सूट देऊ केली. ती नाकारून ते बॉस्टनचे संगीतशिक्षक लूथर व्हाइटिंग मेसन यांच्याकडे शिकले. १८७९ मध्ये टोकियोत शासकीय संगीत-संशोधन विभाग स्थापन झाला आणि १८८० मध्ये मेसन तेथे दाखल झाले.

४/ या विभागाच्या १८८१ च्या पहिल्या पाठ्यपुस्तकात एका स्कॉटिश लोकगीताची चाल घेऊन रचलेले ‘होतारु’ (काजवा) हे गाणे होते. त्या चालीत मध्यम आणि निषाद नाहीत. सा रे ग प ध हे आपल्या भूपाचेच स्वर. जपानी गळ्याला ते सोपे गेले. शब्द निरोपाचे होते, पण शेवटच्या कडव्यात उत्तरेची चिशिमा बेटे आणि दक्षिणेचे ओकिनावा यांच्या रक्षणाचा उल्लेख होता. चाल परकी, स्वर ओळखीचे आणि आशय राष्ट्राचा, अशी ही निवड होती.

५/ या शालेय गीतांविरुद्ध कवींनी बंड केले. जुलै १९१८ मध्ये सुझुकी मिएकिची यांनी ‘आकाई तोरी’ (लाल पक्षी) हे मासिक काढले. शाळेची गाणी उपदेशाने जड झाली आहेत, मुलांना खरे काव्य हवे, अशी त्यांची भूमिका होती. किताहारा हाकुशू, साइजो यासो यांच्यासारखे मान्यवर कवी मुलांसाठी लिहू लागले.

६/ साइजोंचे ‘कानारिया’ हे गीत १९१९ मध्ये नारिता तामेझो यांच्या चालीसह छापले गेले. गाणे विसरलेल्या कॅनरी पक्ष्याला टाकून द्यावे काय, असे त्यात विचारले जाते आणि प्रत्येक क्रूर सूचनेला नकार मिळतो. लहान मुलालाही दुःख कळते, हे या गीताने गृहीत धरले. त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती.

७/ एप्रिल १९४१ मध्ये प्राथमिक शाळांचे रूपांतर ‘राष्ट्रीय शाळां’मध्ये झाले. वर्गातून ‘दो रे मी’ हद्दपार होऊन स्वरांना ‘हा नी हो’ ही जपानी नावे मिळाली. पहिलीच्या गायनपुस्तकात ‘उमी’ (समुद्र) हे निरागस गीत होते आणि त्याच पुस्तकात सैनिक-सैनिक खेळण्याचेही गाणे होते. सहा वर्षांची मुले दोन्ही सारख्याच आनंदाने गात असणार. गाण्याची खरी ताकद आणि खरा धोका इथेच दिसतो: मूल आधी चाल उचलते, अर्थ नंतर येतो.

८/ १९४५ च्या पराभवानंतर विद्यार्थ्यांना स्वतःच्याच हातांनी पाठ्यपुस्तकांतील युद्धविषयक मजकुरावर काळी शाई फासावी लागली. काल ‘योग्य’ असलेले आज ‘अयोग्य’ ठरले, आणि ठरवणारी मोठी माणसेच होती. ‘होतारु’चे शेवटचे कडवे मागे पडले, ‘उमी’ मात्र आजही गायले जाते.

९/ १ जानेवारी १९६३ रोजी तेझुका ओसामु यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. शीर्षकसंगीताला प्रारंभी शब्द नव्हते. पुढे कवी तानिकावा शुन्तारो यांनी ते लिहिले. मुलांची गाणी आता शाळेऐवजी पडद्यावरून घरात येऊ लागली.

१०/ डिसेंबर १९७५ मध्ये लहान मुलांच्या एका कार्यक्रमातील ‘ओयोगे! ताइयाकी-कुन’ची तबकडी निघाली. रोज तव्यावर भाजले जाण्याला कंटाळलेला माशाच्या आकाराचा गोड केक समुद्रात पळतो आणि अखेर गळाला लागून खाल्ला जातो. ४५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुले हसली, रोजच्या नोकरीला जुंपलेल्या वडिलांना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले.

११/ दरम्यान १९७१ मध्ये कोबे येथील वादक इनोउए दाइसुके यांनी मद्यालयांसाठी साथसंगीताची यंत्रे भाड्याने देण्यास सुरुवात केली. कराओके हा तेव्हा प्रौढांचा रात्रीचा विरंगुळा होता. १९८५ च्या सुमारास ओकायामा प्रांतात मालवाहू कंटेनरात कराओकेची स्वतंत्र खोली थाटली गेली आणि ही कल्पना देशभर पसरली. मद्यालयाचे दार मुलांना बंद होते. या खोलीचे उघडे होते.

१२/ गायनवर्गात गाणे शिक्षक निवडत. या खोलीत मूल स्वतः मागणी करू लागले. पण जे मूल पडद्यावरील अक्षरे वाचू शकत नाही, ते पाठ असलेलेच गाणार. आणि पाठ असतात ती बालवाडीत व टीव्हीवर रोज ऐकलेली गाणी. त्यामुळे चिमुकल्यांच्या कराओकेत अ‍ॅनिमेची शीर्षकगीते आली.

१३/ त्यातील एकाची कथा विलक्षण आहे. यानासे ताकाशी यांनी सैनिक म्हणून चीनमध्ये उपासमार अनुभवली होती आणि धाकटा भाऊ युद्धात गमावला होता. १९७३ मध्ये त्यांनी ‘आनपानमान’चे चित्रपुस्तक काढले. गोड पावाचे डोके असलेला हा नायक भुकेल्याला स्वतःचा चेहरा खायला देतो. काही शिक्षकांना आणि समीक्षकांना ते क्रूर वाटले, असे यानासे सांगत. दोन-तीन वर्षांच्या मुलांनी मात्र तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले.

१४/ १९८८ मध्ये त्याची अ‍ॅनिमे मालिका आली. शीर्षकगीत यानासेंनीच लिहिले. झपाझप चालीच्या त्या गाण्यात मुलांना थेट विचारले आहे की आपण कशासाठी जन्मलो आणि कशासाठी जगतो. हा प्रश्न बालगीतात शोभतो काय, अशी शंका मोठ्यांना यावी; चार वर्षांची मुले तो टाळ्या वाजवत गातात.

१५/ मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त केला. त्यानंतर रेडिओवर याच गाण्यासाठी विनंत्या येऊ लागल्या आणि निवारा केंद्रांतील मुले त्याबरोबर गात असल्याची वृत्ते आली. तेव्हा यानासे ९२ वर्षांचे होते. ज्या नायकाला कधीकाळी मुलांसाठी अयोग्य ठरवले गेले होते, त्याचेच गाणे त्या मुलांना तोंडपाठ होते.