कॅल्क्युलेटर काढून ऐकायचं रॉक

मॅट स्वीनी हा अमेरिकन गिटारवादक पुढे 'चावेझ' या बँडमुळे ओळखला गेला. त्याआधी तो 'वायडर' नावाच्या बँडमध्ये वाजवायचा. त्यांच्या एका मित्राचा ठरलेला विनोद होता. गाणं चालू असताना चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही आणि ते संपलं की किती चांगलं होतं हे ठरवायला कॅल्क्युलेटर काढायचा. या संगीताला तो 'मॅथ रॉक' म्हणायचा. ही सरळसरळ खिल्ली होती, असं स्वीनीनेच नंतर सांगितलं आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

खिल्लीमागचा आरोप मात्र गंभीर आहे. ज्या गाण्याच्या मात्रा मोजाव्या लागतात, त्यात जीव कुठून असणार? दुसरा आरोप मी स्वतःच केला होता. कॉलेजमध्ये मित्राने अर्धा इअरफोन माझ्या कानात खुपसला, तेव्हा मी म्हणालो, "हे तर प्रोग्रेसिव्ह रॉकच आहे, फक्त कीबोर्ड चोरीला गेलाय."

तेव्हाच्या माझ्या चुकीला कारण होतं. बहुतेक रॉक चारात चालतं, एक-दोन-तीन-चार, पुन्हा एक. प्रॉग आणि मॅथ रॉक दोघंही हा हिशोब मोडून पाच, सात, अकरात शिरतात. आपल्याला त्याचं फार अप्रूप वाटायला नको, रूपक सातचा आणि झपताल दहाचा हे तबल्याच्या क्लासला गेलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. प्रश्न असा की मोजायचं कशासाठी?

प्रॉगचं उत्तर होतं, भव्यतेसाठी. १९६९ मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडमधल्या बँडना रॉक म्हणजे सिंफनीचा धाकटा भाऊ वाटू लागला. जेथ्रो टलने १९७२ मध्ये रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून एकच गाणं केलं. त्यापुढची पायरी 'येस' चढले. त्यांचा गायक जॉन अँडरसन परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. त्यातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून १९७३ मध्ये चार बाजूंवर चार गाण्यांचा, ऐंशी मिनिटांचा अल्बम तयार झाला. होय, तळटीपेवरून! कीबोर्डवादक रिक वेकमनला तो इतका कंटाळवाणा वाटला की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवरच बसून करी खाल्ली. पुढच्या वर्षी त्याने बँड सोडला.

प्रॉगमधला सातचा ठेका हा प्रवासातला घाट असतो. वळणं येतात, पण पुढे पठार आहे हे ठाऊक असतं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' ऐका. गाणं सातात चालतं आणि गिटारचा सोलो आला की चारात येतं. नायकाला मोकळं धावता यावं म्हणून रस्ता सरळ केला जातो.

मग १९७६-७७ मध्ये पंक आलं आणि या सगळ्याला 'म्हातारे झालात' म्हणालं. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, संपलं. मॅथ रॉक आलं ते पंकच्या घरातून. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. प्रॉगने खालून वर बांधत नेलं. मॅथ रॉकवाल्यांनी पंकचा कडक, कोरडा आवाज तसाच ठेवला आणि फक्त पायाखालची फरशी हलवली.

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातली चार पोरं, वय विशीच्या आसपास, बँडचं नाव स्लिंट. गिटारवादक ब्रायन मॅकमॅहन आधी स्क्विरल बेट या पंक बँडमध्ये होता. १९९० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी शिकागोत सहा गाणी रेकॉर्ड केली. 'स्पायडरलँड' मार्च १९९१ मध्ये बाजारात आला, तोवर बँड मोडलाही होता. मुखपृष्ठावर एक कृष्णधवल फोटो आहे, खाणीच्या पाण्यातून वर आलेली चार डोकी. येसच्या अल्बमवर रॉजर डीनने रंगवलेली स्वप्नातली बेटं आठवा, म्हणजे अंतर कळेल. मागच्या बाजूला गायिका हवी असल्याची जाहिरात होती, इच्छुक मुलींनी पत्र पाठवावं म्हणून. पत्र आलं असतं तरी गायचं कुणासोबत?

या अल्बममध्ये हिरो नाही, सोलो जवळजवळ नाहीच. मॅकमॅहन बराच वेळ फक्त बोलतो, तेही पुटपुटल्यासारखं. गिटार पाच किंवा सात मात्रांचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजवते आणि मधेच एखादी मात्रा वाढते. आपल्या तालात आवर्तन ठरलेलं असतं, कितीही भरकटा, सम वाट बघत असते. इथे सम नेमकी कुठे हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत नीट कळत नाही. ती अस्वस्थता हाच गाण्याचा विषय आहे. शेवटच्या गाण्यात साडेसात मिनिटांच्या टोकाला त्या पुटपुटणाऱ्या आवाजाचा आक्रोश होतो. कॅल्क्युलेटरवाल्या मित्राने ते ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

विक्री जेमतेम झाली. पण ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने 'मेलडी मेकर'मध्ये दहा वर्षांनंतरचं त्याचं मोठेपण आधीच सांगून ठेवलं. तसंच झालं.

पिट्सबर्गच्या डॉन कॅबालेरोने पुढे गायकालाच रजा दिली. ड्रमर डेमन चे ठेका धरण्याऐवजी ड्रमवरच मुख्य सूर वाजवत असल्यासारखा तुटून पडायचा आणि गिटार त्याच्यामागे पळायच्या. रॉकमधली उतरंडच उलटी झाली.

इथे माझ्या मांडणीला छेद देणारा एक पुरावा आहे. १९७४ मध्ये बंद केलेला किंग क्रिमसन रॉबर्ट फ्रिपने १९८१ मध्ये नव्या माणसांसह उभा केला. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन गिटार एकच नक्षी विणत असतात, मग एक जण एक सूर गाळतो आणि दोघं हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. सोलो नाही, नायक नाही. म्हणजे प्रॉगचा एक म्हातारा मॅथ रॉकच्या दारापर्यंत दहा वर्षं आधीच येऊन गेला होता. घराण्यांच्या सीमा आपण आखतो तेवढ्या पक्क्या नसतात.

१९९९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या तीन मुलांनी 'अमेरिकन फुटबॉल' नावाने एक अल्बम केला आणि थोड्याच काळात वेगळे झाले. इथे मोजणीचा ताण गेला आणि हुरहुर आली. गिटारच्या तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या, दोन गिटारची गुंफण, मधूनच ड्रमरने उचललेला ट्रम्पेट. त्याच सुमारास टोकियोत 'टो' हा बँड सुरू झाला, त्याचा ड्रमर ऐकताना कुणालाच आकडे आठवत नाहीत. अमेरिकन फुटबॉलचा अल्बम इंटरनेटवर हातोहात फिरत राहिला आणि २०१४ मध्ये ती मुलं, आता चाळिशीकडे झुकलेली, परत एकत्र आली. त्यांच्या मुखपृष्ठावर अर्बाना गावातल्या एका साध्या लाकडी घराचा फोटो आहे. लोक अजूनही त्या घरासमोर उभं राहून सेल्फी काढतात. २०२३ मध्ये बँडने रेकॉर्ड कंपनी आणि काही मित्रांसोबत ते घर विकत घेतलं, कुणी पाडू नये म्हणून.