माळवदाच्या जुन्या घराची दुरुस्ती : काम सुरू करण्यापूर्वी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची हजारो घरे कोसळली. जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत बांधलेले नव्हते. धक्क्याने ते सुटले आणि भिंतीचे दगड व माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. अशी घरे आजही वापरात आहेत. त्यांचे नूतनीकरण करताना पुढील काळजी घ्यावी :

• माळवदावर मातीचा नवा थर टाकू नये. साचलेली जादा माती उतरवावी.
• फुगलेली भिंत गिलाव्याने झाकू नये. तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा. उरलेल्या भिंतीत आरपार छिद्रे घेऊन सळई व काँक्रीटने दोन्ही थर जोडावेत.
• कोपऱ्याजवळ नवे दार किंवा खिडकी पाडू नये.
• मातीत रचलेल्या भिंतीवर स्लॅब किंवा मजला चढवू नये.

मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक आयएस १३९३५ मध्ये आहेत. आधी अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी.

लक्षात ठेवा : प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचे अर्थसाहाय्य (सपाट भागात १.२० लाख रुपये) पात्र कुटुंबाला नवीन पक्के घर बांधण्यासाठी मिळते, जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी नाही.