रॅम्बलिन मॅन

अमेरिकेतील ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ या सदर्न रॉक वाद्यवृंदाचे १९७३ मधील गीत. रचना व मुख्य गायन गिटारवादक डिकी बेट्स यांचे. त्याच नावाचे हँक विल्यम्स यांचे १९५१ चे गाणे बेट्स यांना प्रेरक ठरले. हे गीत ब्लूजपेक्षा कंट्री संगीताकडे झुकते, म्हणून ते आपल्या वाद्यवृंदाला शोभेल का, अशी शंका सदस्यांना होती.

गीताचा नायक स्वभावानेच भटक्या आहे. एका गावी न थांबण्याबद्दल तो फारशी खंत करत नाही. फक्त आपल्याला समजून घ्यावे, एवढेच सांगतो. हे गीत दौऱ्यांविषयी थेट बोलत नाही. तरीही वर्षाचा मोठा भाग रस्त्यावर काढणाऱ्या वादकांचे जगणे त्यात स्पष्ट दिसते, आणि त्याचे खरे बळ या समजूतदार सुरातच आहे. गीतात उल्लेखलेला ४१ क्रमांकाचा महामार्ग जॉर्जियातील मेकन या वाद्यवृंदाच्या गावातूनच जातो.

ध्वनिमुद्रणामागे मोठे दुःख होते. वाद्यवृंदाचे गिटारवादक ड्वेन ऑलमन १९७१ मध्ये मेकनमध्ये मोटारसायकल अपघातात गेले. बासवादक बेरी ओकली यांनी या गीतात साथ केली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये त्याच गावात, तशाच अपघातात त्यांचाही मृत्यू झाला. शेवटचा दीर्घ गिटार-संवाद बेट्स व पाहुणे वादक लेस ड्युडेक यांचा. पियानो चक लेव्हेल यांचा.

‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ या संग्रहातील हे गीत बिलबोर्ड हॉट १०० यादीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. पहिल्या दहांत आलेले या वाद्यवृंदाचे हे एकमेव गीत होय.