दोन धक्क्यांमधली मुंबई

मुंबईत बोटीत बसायच्या दोन जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. एक गेटवे, दुसरी भाऊचा धक्का. एकीकडून मांडवा नि घारापुरी, दुसरीकडून रेवस नि मोरा. या दोन जागांमध्ये पायी अंतर किती? पाच-साडेपाच किलोमीटर. चढ नाही, उतार नाही. रविवारी सकाळी सातला निघालात, तर वाटेतले दोन चहा धरूनही ऊन तापायच्या आत पोहोचाल. नकाशात पाहिलं तर हा सगळा रस्ता बंदराच्या कडेकडेनं जातो. गंमत अशी की, गेटवेचा कठडा सुटला की थेट भाऊच्या धक्क्यापर्यंत समुद्र म्हणून दिसत नाही. भिंत दिसते. आधी नौदलाची, मग गोदीची. खारा वास येतो, भोंगा ऐकू येतो, क्रेनची मान दिसते. पाणी मात्र नाही. मी हा रस्ता बऱ्याचदा चाललो आहे. भिंतीला कान लावून चालावं तसा चाललो आहे म्हणा ना.

सुरुवात गेटवेपासून करू. या जागेचं जुनं मराठी नाव पालवा बंदर. साहेबाच्या तोंडी ते अपोलो झालं, आणि ग्रीक देवाचा मुंबईशी काही संबंध नसताना तो इथे कायमचा मुक्कामाला आला. पंचम जॉर्ज राजा १९११च्या डिसेंबरात इथे उतरला, तेव्हा ही कमान नव्हतीच. स्वागताला पुठ्ठ्याची उभी केली होती. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ला, जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ला, आणि उद्‌घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ला. म्हणजे ज्याच्यासाठी दरवाजा, तो येऊन गेल्याला तेरा वर्षं झाली होती. कमानीसमोर सरळ हमरस्ता व्हायचा होता, त्याला पैसे उरले नाहीत. म्हणून आजही गेटवे रस्त्याकडे तिरका उभा आहे, ओळखीचा माणूस टाळावा तसा. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून निघून गेली. बांधल्यापासून चोवीस वर्षांच्या आत येण्याचा दरवाजा जाण्याचा झाला.

याच बंदरावर, कमान उभी राहायच्या आधी, ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी काठियावाडी अंगरखा-पागोट्यात उतरले. इथे उतरणं हा मान होता. साध्या उतारूला तो मिळत नसे. साधा उतारू कुठे उतरत होता, तिकडेच आपल्याला जायचं आहे.

रीगलच्या चौकातून शहीद भगतसिंग मार्गाला लागलं की उजव्या हाताला नौदलाच्या गोदीची भिंत सुरू होते. लायन गेटवरचे सिंह बघून पुढे व्हायचं, कारण आत जाता येत नाही. १७३६ साली कंपनीनं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला इथे आणलं. त्याच्या पुढच्या पिढ्यांनी सागवानात बांधलेली जहाजं जगभर गेली. इथे १८१३ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर बसून १८४२ मध्ये इंग्रजांनी चीनकडून नानकिंगचा तह लिहून घेतला. १८१७ सालची ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. ओक कुजतो, साग टिकतो, हे इंग्रजांना इथे कळलं.

जहाज बांधणाऱ्यांची नावं राहिली. हाकणाऱ्यांची भाषेत राहिली. मराठी माणूस समुद्रावर गेला की नकळत फारसी-अरबी बोलायला लागतो. बंदर फारसी. नाखवा म्हणजे नाखुदा, नावेचा धनी, तोही फारसी. सारंग म्हणजे सरहंग. खलाशी अरबी, सुकाणू अरबी, मोसमी वाऱ्यातला मोसम अरबी. कोळी नाखवा हा शब्द आपला म्हणून वापरतो आणि तो त्याचाच आहे. मला कुणी विचारलं की तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता, तर मी त्याला होडीत बसायला सांगतो. १६७९ साली खांदेरीसाठी इंग्रजांशी झुंज झाली, तेव्हा शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होता आणि दौलतखानही होता. ही नावं एका दमात घ्यायला तेव्हा कुणाला अडचण आली नसावी.

टाउन हॉलच्या मागे जुना मुंबईचा किल्ला. आज नौदलाचा तळ आहे, नाव ‘आंग्रे’. ज्या कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत, त्यांचं नाव इंग्रजांच्याच किल्ल्याला लागलं. १९४६ साली ही कॅसल बॅरॅक्स होती. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावरच्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांवरून संप पुकारला. बघता बघता तो अठ्ठ्याहत्तर जहाजांवर पसरला. २१ तारखेला या बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. नाविकांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मिरवणुकीत काँग्रेसचा, लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तीन झेंडे एकत्र होते. नाविकांचं अन्नपाणी तोडलं, तेव्हा मुंबईची साधी माणसं टोपल्या भरभरून खाणं घेऊन गेटवेवर आली आणि नाविक होड्या घेऊन ते न्यायला आले. राजासाठी बांधलेल्या त्या कमानीचा याहून चांगला उपयोग कधी झाला असेल असं मला वाटत नाही. नेत्यांच्या सल्ल्यानं २३ तारखेला शरणागती झाली. शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली होती. दीड वर्षानं देश मिळाला, तो दोन तुकड्यांत.

बॅलार्ड इस्टेटमधून चालताना सावली मिळते. हा भाग १९१४ ते १९१८ दरम्यान अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या भरावावर उभा राहिला. आराखडे पुन्हा विटेट यांचेच. बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनवरून विलायतेच्या बोटीतून उतरलेले साहेब फ्रंटियर मेलनं थेट पेशावरला जात. इथे आता मोठं क्रूझ टर्मिनल झालं आहे, २०२५ साली सुरू झालं.

इथून पी. डिमेलो रोड लागतो. पूर्वीचा फ्रीअर रोड. गव्हर्नरचं नाव जाऊन गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव आलेले रस्ते मुंबईत किती असतील? ट्रक, गोदामं, ताडपत्र्या, चहाच्या टपऱ्या. दर्शनी काही नाही. पण माझ्या मते सगळ्या वाटेतला हाच तुकडा खरा.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्या सोबतीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या, आणि बँकेसाठी आणलेल्या सोन्याच्या विटा. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवायची अक्कल कुणाची, हा प्रश्न नंतर चौकशीत निघाला. दुपारी आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. सोन्याच्या विटा उडून घरांवर पडल्या, त्या गोष्टी मुंबईनं पुढे चवीनं सांगितल्या. आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशामक जवान गेले. त्यांच्यासाठी आजही १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. सरकारी हिशेबातच मृतांचा आकडा सातशेच्या वर आहे. त्या दिवशी पोत्यामागे मजुरी घेणारा, कुठल्याच हजेरीपटावर नसलेला हमाल कोणत्या हिशेबात धरायचा? विटांचा हिशेब मात्र चोख लागला.

याच रस्त्यावर, मशीद बंदरच्या पूर्वेला, खलाशांचं वसतिगृह आहे, इंडियन सेलर्स होम. आत एका दालनात पाट्या आहेत. पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या, आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या, दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावं तिथे कोरली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजारांची नावं नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत इथे, एक चितगावला. रत्नागिरी जिल्ह्यातली खेडीच्या खेडी या कामावर होती, इंजिनघरात कोळसा ओढायला. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्यांत होते. आमच्या घरी त्यांची एवढीच माहिती आहे की ते दुसऱ्या लढाईत बोटीवर गेले. मी ती नोंदवही पाहिली. त्यांच्या नावाची एकाहून जास्त माणसं त्यात आहेत. आमचे कोणते, ते ठरवता आलं नाही. सगळ्यांसाठीच फातेहा पढून बाहेर आलो.

मशीद बंदर या नावाची आणखी एक गोष्ट. स्टेशनला जिचं नाव लागलं ती मशीद मुसलमानांची नाही. ते बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनालय. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. कोकणातून आलेली मराठी बोलणारी ही मंडळी त्याला मशीदच म्हणत, आणि शेजारीपाजारीही ‘जुनी मशीद’ म्हणत.

जवळच कर्नाक बंदर. हा कर्नाक म्हणजे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली गादीवरून उतरवणारा गव्हर्नर. त्याच्या नावाचा जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि २०२५च्या जुलैत नवा पूल ‘सिंदूर’ नावानं खुला झाला. प्रतापसिंहांचं नाव दिलं असतं तर हिशेब अधिक नेमका झाला असता, असं आपलं मला वाटतं.

आणि आता भाऊ. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, पाठारे प्रभू, कंपनी सरकारच्या नोकरीतले. गलबतातून उतरणाऱ्यांना चिखलातून यावं लागे. भाऊंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भर घालून धक्का बांधून घेतला. त्यांच्या रसेल नावाच्या साहेबावरून लोक त्यांना ‘भाऊ रसूल’ म्हणू लागले असं सांगतात. एका प्रभू गृहस्थाला लोकांनी सहज रसूल करून टाकलं आणि कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत! आजचा धक्का भाऊंच्या मूळ जागी नाही. १८८०ला प्रिन्सेस गोदी आली, १८८८ला व्हिक्टोरिया. किनारा बदलला, उतारूंचा धक्का उत्तरेला माझगावच्या बाजूला सरकला. दगड मागे राहिले, नाव लोकांबरोबर चालत पुढे आलं. सरकारी नाव फेरी व्हार्फ. ते तिकिटावर असतं.

कोकणातला माणूस मुंबईत शिरला तो या धक्क्यावरून. गिरणीत गेला, गोदीत गेला, छापखान्यात गेला. आमच्या दाभोळच्या खाडीतली माणसंही अशीच आली. हर्णैसारख्या ठिकाणी आगबोट दूर उभी राही आणि पडावातून जाऊन तिला गाठावं लागे. लहानपणी, सत्तरच्या दशकात, मी हा प्रवास केला आहे. डेकवर जागा धरायला घोंगडी पसरायची, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, भजनं, कुणाच्या तरी डब्यातली सुकी मासळी, आणि रात्रभर इंजिनाची थरथर. माझी आजी हजला गेली तीही आधी आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर, मग साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात आठवडाभर, मग जेद्दाच्या जहाजात. मुंबईहून हजची जहाजं १९९५ सालापर्यंत जात होती. त्यानंतर सगळे विमानानं जाऊ लागले. कोकणची बोट त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तिची आठवण काढणारेही कमी झाले.

या बोटींनी माणसं नेली तशी गिळलीही. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ची ‘रामदास’ तर आमच्या आधीच्या पिढीच्या काळजात रुतली होती. आषाढी अवस, गटारी. सणाला घरी निघालेली माणसं सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसली. क्षमतेपेक्षा जास्त गर्दी, उधाणलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ लाट आली आणि बोट कलली. सहाशेहून अधिक माणसं गेली. पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलेल्यांकडून शहराला बातमी कळली तोवर दुपार टळली होती. रेवसच्या बाजूला काही माणसं वाचली ती कोळ्यांमुळे. त्यांनी मासळीनं भरलेल्या होड्यांतली मासळी समुद्रात ओतली आणि माणसं घेतली, असं तिथले लोक सांगतात. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता, त्यामुळे त्या आनंदात हे दुःख लवकर मागे पडलं. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, पंधरा माणसं गेली, तेव्हा वर्तमानपत्रांना पुन्हा ‘रामदास’ आठवली. अंगात घालायची जाकिटं पुरेशी होती का, हा प्रश्न १९४७ मध्येही विचारला गेला होता.

सध्या गेटवेच्या बाजूला, रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीवरून वाद झाला. २०२५ साली काम सुरू झालं, आसपासचे रहिवासी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे काम थांबलं नाही. त्या वादात समुद्राचं दर्शन, वारसा, शांतता यांवर पुष्कळ बोललं गेलं. डिमेलो रोडवर शंभरहून अधिक वर्षं भिंतीलगत राहणाऱ्यांना समुद्र दिसतो का, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

भाऊच्या धक्क्यावर पोहोचलात की आधी नाकाला कळतं. पहाटेचा लिलाव आटपलेला असतो, बर्फ वितळून वाहत असतो, कोळणी पाट्या धुवत असतात. पलीकडे २०२० पासून मांडव्याची रो-रो सुटते, मोटारगाड्या पोटात घेऊन. अलीकडे मोऱ्याची लाँच. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, तेव्हा उरणकरांना आणि रेवसकरांना हाच धक्का. खिडकीवर सुटे पैसे काढून ठेवा, मागचे लोक घाईत असतात.