हौशी रेडिओ उपग्रह ग्रहण केंद्र

हौशी रेडिओ उपग्रह ग्रहण केंद्र : पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांकडून येणारे रेडिओ संकेत व्यवसाय म्हणून नव्हे, तर अभ्यास व छंद म्हणून ग्रहण करणे, त्यांची नोंद ठेवणे आणि त्यांतील माहिती उलगडणे यांसाठी खाजगी व्यक्ती, शाळा, महाविद्यालये अथवा हौशी मंडळे यांनी उभारलेले केंद्र. अशा केंद्रात आकाशक, विवर्धक, ग्राही व नोंदणीची साधने ही प्रमुख सामग्री असते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अशी अनेक केंद्रे इंटरनेटद्वारे परस्परांशी जोडली गेली. त्यामुळे एका देशातील अभ्यासकास दुसऱ्या देशातील केंद्राचा उपयोग घरबसल्या करता येऊ लागला. उपग्रह सोडण्याचे सामर्थ्य मोजक्या राष्ट्रांच्या हाती असले, तरी त्यांचे संकेत ऐकण्याचे सामर्थ्य सामान्य नागरिकाच्या आवाक्यात असू शकते, हे या केंद्रांच्या इतिहासातून दिसून येते.

प्रारंभ : सोव्हिएट रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याचे वजन ८३·६ किग्रॅ. होते व त्यातील प्रेषकाची शक्ती सुमारे १ वॉट होती. तो २०·००५ व ४०·००२ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांवर संकेत पाठवीत असे. अमेरिकेने आपल्या नियोजित उपग्रहांसाठी उभारलेली मागोवा यंत्रणा १०८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेसाठी होती. त्यामुळे स्पुटनिकचे संकेत ग्रहण करण्यास ती तत्काळ उपयोगी पडली नाही. याउलट २० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासची कंप्रता लघुतरंग ग्राही बाळगणाऱ्या कोणाही हौशी व्यक्तीस साध्य होती. या कंप्रतांची माहिती रादिओ या सोव्हिएट मासिकाने उपग्रह सोडण्यापूर्वीच प्रसिद्ध केली होती. परिणामी जगातील असंख्य हौशी श्रोत्यांनी हे संकेत ऐकले. विद्युत् घटमाला संपेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, ते चालू होते.

उपग्रह जवळ येत असताना संकेताची कंप्रता वाढलेली व दूर जात असताना कमी झालेली आढळते, यास डॉप्लर परिणाम म्हणतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अनुप्रयुक्त भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर व जॉर्ज वाइफेनबाख यांनी एकाच ठिकाणी बसून स्पुटनिकच्या कंप्रतेतील हा बदल मोजला व त्यावरून उपग्रहाची कक्षा काढली. याच विचाराच्या उलट मांडणीतून ट्रान्झिट ही उपग्रहाधारित मार्गनिर्देशन पद्धती निघाली. साधा ग्राही व अचूक घड्याळ यांवरून उपग्रहाची गती कळू शकते, ही गोष्ट हौशी केंद्रांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

हौशी उपग्रह : उपग्रहांचे संकेत ऐकणाऱ्या हौशी मंडळींनी लवकरच स्वतःचे उपग्रह बनविण्यास प्रारंभ केला. कॅलिफोर्नियातील एका गटाने तयार केलेला ऑस्कर-१ हा उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी कक्षेत गेला. ‘हौशी रेडिओ वाहून नेणारा कक्षीय उपग्रह’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले आहे. अमेरिकेच्या डिस्कव्हरर-३६ या उपग्रहाच्या अग्निबाणावर समतोलासाठी ठेवावयाच्या वजनाच्या जागी त्याला स्थान मिळाले. सुमारे ४·५ किग्रॅ. वजनाचा हा उपग्रह मोर्स संकेतांत चार टिंबे व दोन टिंबे, म्हणजे ‘हाय’ हे अभिवादन, पुनःपुन्हा पाठवीत असे. उपग्रहाच्या अंतर्भागातील तापमानानुसार या संकेतांचा वेग बदलत असल्याने श्रोत्यास केवळ घड्याळाच्या साहाय्याने तापमान काढता येई. २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी श्रोत्यांनी आपल्या नोंदी संयोजकांकडे पाठविल्या. पोस्टाने आलेल्या या नोंदींचे संकलन हेच विखुरलेल्या ग्रहण केंद्रांच्या जागतिक जाळ्याचे पहिले रूप होय.

१९६५ मध्ये सोडलेल्या ऑस्कर-३ वर पुनर्प्रेषक बसविलेला होता. त्यामुळे दूरच्या दोन केंद्रांना उपग्रहामार्फत परस्परांशी बोलता आले. १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे ॲमसॅट ही हौशी उपग्रह संस्था स्थापन झाली. मेलबर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ऑस्कर-५ जानेवारी १९७० मध्ये कक्षेत गेला. इंग्लंडमधील सरे विद्यापीठात तयार झालेला यूओसॅट-१ हा उपग्रह ऑक्टोबर १९८१ मध्ये सोडण्यात आला. त्याची दूरमापन माहिती शाळांतील साध्या ग्राहींना घेता यावी, असा त्यामागील एक हेतू होता.

शालेय केंद्राचे कार्य : इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूल या शाळेतील भौतिकीचे शिक्षक जेफ्री पेरी यांनी रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर व विद्यार्थी यांच्या साहाय्याने सोव्हिएट उपग्रहांचे संकेत नियमितपणे ऐकण्याचा उपक्रम चालविला. मार्च १९६६ मध्ये सोडलेल्या कॉसमॉस-११२ या उपग्रहाची कक्षा नेहमीच्या सोव्हिएट उपग्रहांपेक्षा वेगळी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्याचा व नंतरच्या काही उपग्रहांचा भूमार्ग मागे नेऊन पाहता हे मार्ग ज्ञात असलेल्या बैकानूर तळाशी जुळत नव्हते. ते रशियाच्या उत्तर भागात प्लिसेट्स्कजवळ एकत्र येत होते. अशा रीतीने एका नव्या, गुप्त ठेवलेल्या उड्डाण तळाचे अस्तित्व एका शाळेतून जाहीर झाले. सोव्हिएट सरकारने त्यास १९८३ मध्ये दुजोरा दिला. गुप्ततेच्या त्या काळात सातत्याने ठेवलेली नोंद व तर्कशुद्ध गणित यांपुढे साधनांची अल्पता आड आली नाही, हे यावरून स्पष्ट होते.

हवामान उपग्रहांची प्रतिमा : डिसेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या टायरॉस-८ या अमेरिकी उपग्रहावर स्वयंचलित चित्रप्रेषणाची सोय प्रथमच करण्यात आली. उपग्रह ज्या प्रदेशावरून जाईल तेथील ढगांचे चित्र त्याच वेळी तेथील कोणत्याही केंद्रास मिळू शके. पुढे १३७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अशी चित्रे घेणे हा नव्या हौशी अभ्यासकाचा पहिला धडा ठरला. नोआ मालिकेतील अखेरचे तीन उपग्रह २०२५ मध्ये बंद करण्यात आले आणि सदृश पद्धतीच्या या चित्रप्रेषणाचे युग संपले.

रचना व कार्य : कमी उंचीवरील उपग्रह क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत बहुधा १० ते १५ मिनिटेच उपलब्ध असतो. तेवढ्या अवधीत ग्रहण पुरे व्हावे लागत असल्याने केंद्राची रचना करताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे लागते. हौशी उपग्रहांचे संकेत मुख्यतः १४५·८ ते १४६ व ४३५ ते ४३८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यांत येतात. सर्व दिशांनी ग्रहण करणारा स्थिर आकाशक स्वस्त व निर्धोक असतो. परंतु क्षीण संकेतांसाठी तो अपुरा पडतो. अनेक दांड्यांचा यागी आकाशक संकेत अधिक प्रबळ करतो, मात्र तो दिगंश व उन्नतांश या दोन्ही दिशांत फिरविणारी यंत्रणा लागते. कक्षेत उपग्रह गरगरत असल्यास त्याच्या संकेताचे ध्रुवण सतत बदलते. म्हणून वर्तुळाकार ध्रुवणाचा आकाशक पसंत करतात. केबलमध्ये संकेताचा ऱ्हास होत असल्याने विवर्धक ग्राहीजवळ न बसविता आकाशकालगत खांबावरच बसवितात.

उपग्रह केव्हा व कोठे दिसेल याचे गणित त्याच्या कक्षेच्या प्रसिद्ध होणाऱ्या घटकांवरून संगणक करतो. वातावरणाच्या विरोधामुळे कक्षा हळूहळू बदलत असल्याने हे घटक वेळोवेळी नवे घ्यावे लागतात. डॉप्लर परिणामामुळे कंप्रतेत होणारा बदल १४५ मेगॅहर्ट्‌झला सुमारे ३·५ व ४३७ मेगॅहर्ट्‌झला सुमारे १० किलोहर्ट्‌झ इतका असतो. त्यानुसार ग्राहीची जुळणी क्षणोक्षणी सुधारावी लागते व त्यासाठी केंद्रातील घड्याळ अचूक असणे आवश्यक असते.

इंटरनेटद्वारे जोडलेली केंद्रे : १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील बॉब ट्विग्ज व कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकमधील जॉर्डी प्वीग-स्वारी यांनी १० सेंमी. बाजूच्या घनाकार लघुउपग्रहाचा आराखडा मांडला. त्यामुळे उपग्रह बनविणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले; परंतु एक नवी अडचण उभी राहिली. असा उपग्रह त्याच्या जनक महाविद्यालयावरून दिवसातून चार ते सहा वेळाच उपयुक्त उंचीवरून जातो. उरलेला सर्व काळ त्याचे संकेत ऐकण्यास कोणी नसते. अनेक वर्षे खपून बनविलेला उपग्रह पहिल्या काही तासांतच बिघडला, तर तो का बिघडला हे कळण्याचा मार्गही त्याबरोबर नाहीसा होतो. एकाच अग्निबाणाने अनेक उपग्रह सोडले जाऊ लागल्यावर त्यांतील आपला कोणता, हे ओळखणेही अवघड झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारताच्या पीएसएलव्ही-सी३७ या अग्निबाणाने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह कक्षेत सोडले, हे येथे उल्लेखनीय आहे.

ही अडचण दूर करण्यास ग्राहीच्या तंत्रातील बदल साहाय्यभूत झाला. ग्राहीचे बरेचसे कार्य विद्युत् मंडलांऐवजी संगणकाच्या कार्यक्रमाने करण्याची पद्धत रूढ झाली. नेदर्लंड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील ग्राही २००८ च्या सुमारास इंटरनेटवर खुला झाला व एकाच वेळी अनेक श्रोत्यांना तो स्वतंत्रपणे जुळविता येऊ लागला. २०१२ मध्ये अंकीय दूरचित्रवाणीसाठी विकल्या जाणाऱ्या एका अल्पमोली जोडणीचा उपयोग विस्तृत कंप्रतांच्या ग्राहीसारखा करता येतो, असे आढळून आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या फनक्यूब-१ या शैक्षणिक उपग्रहाची माहिती शाळांतील व घरांतील ग्राहींकडून एका मध्यवर्ती भांडारात आपोआप जमा होई. यूरोपीय अवकाश संस्थेच्या शिक्षण विभागाने विद्यापीठीय केंद्रे जोडण्याचा जेन्सो हा प्रकल्प याआधीच हाती घेतला होता. मात्र तो दीर्घकाळ टिकला नाही.

२०१४ मध्ये अथेन्स येथील हौशी तंत्रज्ञांच्या गटाने सॅटनॉग्ज हा प्रकल्प सुरू केला. त्याचे आराखडे व संगणक-कार्यक्रम सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. त्याच वर्षी त्यास हॅकाडे पारितोषिक मिळाले व त्यानंतर त्याच्या कार्यासाठी लिब्रे स्पेस फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. या पद्धतीत केंद्रचालक आपल्या केंद्राचे स्थान, आकाशकाचा प्रकार व ग्रहणयोग्य कंप्रता यांची नोंद करतो. कोणाही अधिकृत सभासदास त्या केंद्रावर निरीक्षणाची वेळ मागता येते. ठरलेल्या वेळी केंद्रातील लहान संगणक आपोआप ग्रहण करतो आणि ध्वनिमुद्रण, कंप्रता व काल यांचा आलेख आणि उलगडलेली माहिती मध्यवर्ती भांडारात पाठवितो. ही माहिती कोणासही पाहता येते. उपग्रह एका केंद्राच्या क्षितिजाखाली गेला की दुसरे केंद्र त्याची नोंद घेऊ लागते. ऑस्कर-१ च्या काळी पोस्टाने आठवड्यांत होणारे कार्य अशा रीतीने काही मिनिटांत होऊ लागले.

भारतातील कार्य : भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून हॅमसॅट हा ४२·५ किग्रॅ. वजनाचा हौशी रेडिओ उपग्रह सोडला. त्यावरील दोन पुनर्प्रेषकांपैकी एक भारतीय व दुसरा डच बनावटीचा होता. विद्युत् घटमाला निकामी झाल्याने जुलै २०१४ मध्ये त्याचे कार्य संपले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला स्वयम् हा सुमारे १ किग्रॅ. वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने सोडण्यात आला. हौशी रेडिओ केंद्रांमध्ये संदेशांची देवाणघेवाण घडविणे हा त्याचा हेतू होता. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील विद्यार्थ्यांचा प्रथम हा सुमारे १० किग्रॅ. वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी कक्षेत गेला. आयनांबरातून येताना रेडिओ तरंगांच्या ध्रुवणात होणाऱ्या बदलावरून तेथील इलेक्ट्रॉनांची संख्या काढावयाची, ही त्यामागील कल्पना होती. अशा मापनास अनेक ठिकाणच्या एकाच वेळच्या नोंदी उपयुक्त ठरत असल्याने अन्य महाविद्यालयांनाही ग्रहण केंद्रे उभारण्यास या प्रकल्पाने प्रोत्साहन दिले. महाराष्ट्रात १९७१ मध्ये आर्वी येथे उभारलेले उपग्रह भूकेंद्र हे शासकीय संदेशवहनाचे भव्य साधन होते. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत महाविद्यालयाच्या गच्चीवरील आकाशकही उपग्रहविज्ञानाचे साधन बनले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एस्-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हौशी पुनर्प्रेषक असून तो भारतातून दिसतो. इंग्लंडमधील गूनहिली येथील ग्राहीद्वारे त्याचे संकेत इंटरनेटवरही ऐकण्याची सोय करण्यात आली.

मर्यादा व महत्त्व : शहरांतील विद्युत् उपकरणांमुळे होणारा रेडिओ गोंगाट ही या केंद्रांपुढील मोठी अडचण आहे. केंद्रे स्वयंसेवकांच्या खर्चाने चालत असल्याने त्यांची वाटणी विषम असते. महासागर व विरळ वस्तीचे प्रदेश यांवर नोंदी तुटक राहतात. चुकीने दुसऱ्याच उपग्रहाच्या नावे नोंद होण्याचा संभवही असतो. त्यामुळे नोंदींची पडताळणी करावी लागते. प्रेषण करावयाचे असल्यास परवाना आवश्यक असतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार उपग्रहाच्या नियंत्रणाचे आदेश वगळता हौशी केंद्रांमधील आंतरराष्ट्रीय संदेशांचा अर्थ लपविण्यासाठी गुप्त लिपी वापरता येत नाही. हौशी पट्ट्यातील माहिती सर्वांसाठी खुली राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

सातत्याने ऐकत राहण्याचे मोल अनेकदा सिद्ध झाले आहे. १९७४ मध्ये सोडलेला ऑस्कर-७ घटमाला बिघडल्याने १९८१ मध्ये मूक झाला; परंतु जून २००२ मध्ये त्याचे संकेत पुन्हा ऐकू आले. घटमालेतील मंडल खुले झाल्याने तो केवळ सौर घटांवर, सूर्यप्रकाशात असताना, चालू लागला होता. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा इमेज हा संशोधन उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये संपर्काबाहेर गेला होता. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातील एका हौशी निरीक्षकास दुसऱ्याच उपग्रहाचा शोध घेत असताना त्याचे संकेत मिळाले व नासाने तो इमेजच असल्याची खात्री करून घेतली. उपग्रह नादुरुस्त ठरून त्याची नियंत्रण यंत्रणा मोडीत निघाल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचे कार्य अशी हौशी केंद्रे करीत असतात.